सरकती शांतता

मुख्याध्यापिकाबाईंच्या पत्राला बुटांच्या कारखान्याच्या मालकांनी महिनाभर उत्तर दिलं नव्हतं. नाही म्हणायला जीभ रेटत नव्हती आणि हो म्हणणं परवडत नव्हतं. साथीच्या वर्षी जन्मलेली एकच मुलगी यंदा बाईंच्या शाळेत पहिलीला आली होती. तिच्या मापाचे बूट कुठल्याच दुकानात नव्हते. थोरल्या भावाच्या बुटांत कापडाचे बोळे कोंबून ती यायची आणि जिन्यावर पडायची. एक जोड करून द्याल का, एवढंच बाईंनी विचारलं होतं.

कारखान्यात टेबलं मापाप्रमाणे मांडलेली होती. खिडकीशी तान्ह्यांचं, दाराशी मोठ्या माणसांचं. साथीच्या वर्षी पाळणे जवळजवळ हललेच नव्हते, म्हणून आधी खिडकीजवळचं टेबल थंडावलं. पुढच्या वर्षी ते पुन्हा सुरू झालं आणि त्याच्या शेजारचं थंडावलं. मग त्याच्या शेजारचं. "सरकली," बायका एकमेकींना सांगत. काय सरकलं, ते कुणी विचारत नसे. बंद टेबलावर कुणी जेवणाचा डबासुद्धा ठेवत नसे.

यंदा पाळी सहा वर्षांच्या मापाची, म्हणजे मावशींच्या टेबलाची होती. त्यांना वर्षभर घरी बसायला सांगितलं होतं.

दुपारच्या सुट्टीत मालक आत आले, तर त्या टेबलावरून हातोडीची ठकठक ऐकू आली. फळीवर बुटांच्या साच्यांची लाकडी पावलं ओळीनं उभी होती, सगळ्यांवर धूळ. त्यातली दोन मावशींच्या पुढ्यात होती, पुसलेली.

"मावशी, तुम्हाला घरी बसायला सांगितलं होतं ना?"

"घरी सून म्हणते कामावर जा, इथे तुम्ही म्हणता घरी जा. आता बसायचं कुठे, तेवढं सांगा."

"एका जोडासाठी यंत्र चालवायचं म्हणजे—"

"यंत्र कुठे लावलंय? हातानं शिवतेय. कातडंही उरलंसुरलं आहे, दिवाळं नाही निघत तुमचं. पत्र तुम्हीच वाचून दाखवलंत सगळ्यांना, आणि तुम्हीच खिशात घालून बसलात."

मावशींनी टाच ठोकली, मग डोकं वर केलं.

"साहेब, दरवर्षी एक टेबल. शेवटच्या टेबलापुढे काय आहे?"

मालकांनी मान वळवून पाहिलं. शेवटच्या टेबलापुढे दार होतं. कामाला लागणारी नवी पोरं त्याच दारातून आत येत.

"तिथवर पोचली की?" मावशी म्हणाल्या.

"त्या वर्षी कुणी येणार नाही."

"एक येईल. पायांत बूट असले तर."

मालकांनी टेबलावरची जागा फुंकून साफ केली आणि तिथेच बसून उत्तर लिहिलं. संध्याकाळी जोडाच्या खोक्यासोबत ते टपालात पडलं. उशिराबद्दल क्षमा होती, आणि खाली एवढंच: पाय वाढले की कळवा. तोवर पुढचं टेबल रिकामं झालेलं असेल.