धुरातली चढाई

वारा फिरला तेव्हा महेंद्रच्या हातात काडेपेटी अजून तशीच होती.

कुरकुंभच्या वरच्या माळावर दर वर्षी असंच करायचे. जयंतीचे कबड्डीचे सामने जवळ आले की मैदानावरचं कुसळी गवत पेटवून द्यायचं, राख झाडायची, पाणी मारून माती चोपायची आणि चुन्याच्या रेघा ओढायच्या. खुरप्यानं उपटत बसायला वेळ कुणाला होता? दुपारी वारा पडला की पेटवायचं, एवढीच काय ती अक्कल. आजवर ती पुरली होती. २००२ च्या एप्रिलात नाही पुरली. जाळ मैदानाची हद्द ओलांडून माळाला लागला आणि बघता बघता वस्तीकडं निघाला.

हिरव्या फांद्या घेऊन महेंद्रचा सगळा कबड्डी संघ जाळ झोडपायला धावला. त्यात मुलींकडून खेळणारी करुणाही होती. ती घरून सरपणाला म्हणून निघाली होती, कारण तिच्या घरात कबड्डीचं नाव काढलेलं चालत नसे. वडील शंकरराव म्हणजे गरीब गाय. ते म्हणायचे, खेळू दे की पोरीला. पण आई, चांगुणा, ऐकेल तर शपथ. एकदा तर तिनं संघाची जर्सी चुलीमागं खुपसून ठेवली होती आणि त्यावरून मायलेकी आठवडाभर एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. असली आई शत्रूलाही मिळू नये, असं करुणाला अगदी मनापासून वाटायचं.

माळाच्या कडेला पहिलं घर इनुसचं. कंपनीत जादा पाळ्या करकरून त्यानं ते उभं केलं होतं. दोन खोल्या, वर पत्रा आणि भिंतीला लागून कडब्याची गंजी. गंजीनं पेट घेतला तशी वस्ती गोळा झाली. इनुसची बायको खुर्शिद विहिरीवर गेली होती, ती घागर टाकून पळत आली. मेहक, तिची चार वर्षांची पोर, अंगणात खेळत होती म्हणाली. अंगणात तर कुणीच नव्हतं. घाबरलेलं लेकरू दुसरीकडं जातंय कुठं? ते घरातच शिरणार.

खुर्शिद दाराकडं झेपावली, तिला बायांनी धरलं. महेंद्र ओलं गोणपाट शोधत होता. करुणा थांबली नाही. उंबऱ्यावर तिनं छाती भरून श्वास घेतला आणि चढाईला निघावं तशी आत घुसली. कबड्डी, कबड्डी, कबड्डी. तोंड चालू आहे तोवर धूर आत जाणार नाही, एवढंच तिला कळत होतं.

पहिली खोली रिकामी. दुसऱ्या खोलीत चाचपडताना खाटेखाली हाताला एक इवलासा पाय लागला. तिनं तो धरून ओढला, पोरीला छातीशी कवटाळलं आणि वळली, तो दार हरवलं. डोळे उघडत नव्हते. भिंत लागली, मग भांड्यांची मांडणी, मग पुन्हा भिंत. दम संपत आला, शब्द ओठांतल्या ओठांत राहायला लागला. आता श्वास घेतला की संपलं, आणि घेतल्याशिवाय तर भागणार नव्हतं. तिला फार भीती वाटली.

तेवढ्यात बाहेरून आवाज आला. कबड्डी, कबड्डी, कबड्डी, कबड्डी. एका लयीत, न तुटता, कसली घाई नसल्यासारखा. म्हणजे दार तिकडं होतं. महेंद्रदादा असेल, असं तिच्या मनात आलं, पण महेंद्रदादाचा दम काही एवढा नव्हता. ती आवाजाच्या रोखानं सरकत गेली, मग गुडघ्यांवर आली, मग रांगली. आवाज तसाच चालू होता. कपाळ उंबऱ्यावर आपटलं आणि ती पोरीसकट बाहेर पडली, ती कुणाच्या तरी पायांवर.

पाय चांगुणाचे होते. ती दाराला इतकी खेटून उभी होती की पदराचं टोक करपलं होतं. डोळे मिटलेले, तोंड चालू. करुणानं तिचा घोटा धरला तेव्हा कुठं ती थांबली आणि तिनं श्वास घेतला.

मेहक खोकली, मग तिनं भोकाड पसरलं आणि सगळ्यांच्या जिवात जीव आला. घर मात्र वाचलं नाही. पाळी अर्धी टाकून इनुस आला. आधी त्यानं लेकीला उचललं. मग तिला तसंच कडेवर घेऊन उभ्या राहिलेल्या भिंतींना एक फेरी मारली. पत्रे वाकडेतिकडे होऊन आत पडले होते. महेंद्र पुढं झाला आणि जाळ आमचाच, असं त्यानं सांगून टाकलं. यंदा सामने नाहीत, मांडवाचे बांबू आणि पत्रे या घरावर चढतील आणि चढवणार आम्हीच, असंही म्हणाला. इनुसनं लेकीच्या तोंडावरची काजळी पुसली.

“पोर आणून दिली तुमीच,” तो म्हणाला. “घराचं बघू म्हनं.”

ते ऐकून महेंद्रला रडूच कोसळलं.

दिवस मावळताना चांगुणा ओट्यावर बसून लेकीच्या भाजलेल्या हाताला कोरफडीचा गर लावत होती. इनुसच्या घराचं करुणाला वाईट वाटत होतं. सामने गेले याचंही वाटत होतं आणि तसं वाटतंय याची लाज येत होती. आता आई झाडणार, म्हणून ती मान खाली घालून बसली. आईनं कोरफडीचं दुसरं पान चिरलं. शेवटी करुणानंच विचारलं.

“आय, येवढा दम तुला कुठनं आला?”

“तुझ्यायेवढी व्हते तवा साळंच्या संघात पयली चढाई माझी असायची. लगीन ठरलं आन् सोडलं.” चांगुणा गर पसरत राहिली. “सुटलं न्हाई पर. अजूनबी हिरीवर पाणी शेंदताना मनातल्या मनात दम धरते. लई तरास हुतो गं पोरी. तुला ते याड लागूच नये म्हणून घरात नाव काढू देत नव्हते.”