शिवलेली पानं

लेकीने प्रदर्शनासाठी हाताने एक पुस्तक केलं होतं आणि त्याची पानं तिन्ही कडांनी शिवून टाकली होती, तीही वाकड्यातिकड्या टाक्यांनी. बाबांची हयात छापखान्यात बायंडिंग करण्यात गेलेली. त्यांना ते बघवेना. ती आंघोळीला गेली तेवढ्यात त्यांनी सगळे टाके उसवले.

"घे, आता उघडतंय. पण आत काहीच लिहिलेलं नाही."

"बाबा, पुस्तक तुमच्यावर आहे," ती म्हणाली. "आत काय आहे, ते मला तरी कुठे माहितीये?"

बाबांनी चष्मा पुसला. मग सुईत दोरा ओवला आणि पानं पुन्हा शिवायला घेतली. 

टाके मात्र या वेळी अगदी सरळ आले.