दोन बोटांची शिट्टी

मी फुंकर मारली, पण शिट्टीतून नुसती हवा आली. आतला मणी पडला होता. समोर तपासणीला आलेले साहेब, मैदानभर लेझीम घेऊन उधळलेल्या मुली, आणि माझी नोकरी अजून कायम व्हायची होती.

“मुलीच्या जातीनं शिट्ट्या मारायच्या?” म्हणत मोठ्या बाईंनी कालच गुलाबला अंगठे धरायला लावले होते. मी तिच्याकडेच वळले.

“गुलाब, मार गं!”

तिची दोन बोटं तोंडात गेली. क्षणात मुली रांगेत आल्या; साहेबसुद्धा सावधान झाले! “कायम करा या बाईंना,” ते हसत म्हणाले.

साहेब गेल्यावर मोठ्या बाईंनी गुलाबला खोलीत नेलं. मी घाबरून दाराला कान लावला. आत फुस्स फुस्स चाललं होतं.

“बाई, जीभ आणखी मागं न्या,” गुलाब सांगत होती.