तिघांतला एक

बायको नोरीन गेल्याचं कळलं तेव्हा फिनबार परसात बटाटे काढत होता. फाटकापाशी पोलिसांची गाडी थांबली. आलेला पोलीस ओळखीचा होता, टोपी हातात घेऊन आला. नोरीन सकाळच्या बसने किलार्नीला चष्मा बदलायला गेली होती. दुकानातच कोसळली. नवा चष्मा तिच्या डोळ्यांवर होता. फिनबारने सगळं ऐकून घेतलं आणि हाती घेतलेली सरी शेवटपर्यंत खणून काढली. पोलीस तोवर उभा राहिला.

मग कॉर्कच्या इस्पितळातून फोन आला. फिनबारच्या हृदयाची झडप बदलायची होती. तारीख मिळत होती.

"राहू द्या," तो म्हणाला. "दुसऱ्या कुणाला द्या."

हॅलोविनच्या संध्याकाळी डेर्व्हला आली. नोरीनची थोरली बहीण. मुखवटे घातलेली पोरं अक्रोड आणि सफरचंदं वसूल करून पुढच्या घराकडे गेली होती. डेर्व्हलाने काचेच्या वाडग्यात पाणी घेतलं, त्यात भिंतीवरच्या आयव्हीच्या वेलाचं एक पान सोडलं आणि वाडगा खिडकीत ठेवला. मग परसातल्या बाकावर त्याच्या शेजारी येऊन बसली. सणाचा ब्रॅक तिने घरीच भाजून आणला होता. मनुका घातलेला तो गोड पाव ती मांडीवर घेऊन कापू लागली.

"पान कुणाचं?" त्याने विचारलं.

"तुझं. सकाळी हिरवं राहिलं तर वर्ष निघालं, डाग पडला तर नाही. दरवर्षी नोरीन टाकायची, आता मी टाकलं."

"गेल्या वर्षी तिचं हिरवंच होतं."

"तिचं कायम हिरवंच असायचं. सगळ्यांच्या आधी उठून बघायची ना ती." डेर्व्हलाने एक जाड काप त्याच्या हातात दिला. "जपून चाव, आत अंगठी आहे. ज्याला मिळेल त्याचं वर्षाच्या आत लग्न."

"आता माझं कुणाशी लावतेस?"

"पोस्टातली मॉरा टपून बसली आहे."

"त्यापेक्षा ऑपरेशन परवडलं."

"मग कर ना! की तुझ्यासाठी पण मीच टोपीवाल्या पोलिसाला सामोरी जाऊ?"

फिनबार ब्रॅक चावत राहिला. अंगठी त्याच्या कापात नव्हती. आभाळ स्वच्छ होतं, समुद्राकडून गार वारा येत होता. डेर्व्हला म्हणाली, "रोज इथे बसून ती काय एवढं बघायची रे?"

त्याने गोठ्याच्या छपरावर बोट दाखवलं. ब्रह्महृदय तारा नुकताच वर आला होता, पिवळा आणि ठसठशीत. त्याच्या शेजारी तीन बारीक ताऱ्यांचा अरुंद त्रिकोण.

"त्या तिघांतला एक. सत्तावीस वर्षांनी एकदा मंदावतो. दोनेक वर्षं तसाच राहतो, मग पुन्हा होता तसा. काहीतरी आडवं येतं म्हणे त्याच्या. मागच्या खेपेला तिने एक संध्याकाळ चुकवली नाही. दुर्बीणसुद्धा लागत नाही त्याला, नुसता धीर लागतो. पुढच्या खेपेलाही बघणार होती."

"तिघांतला कोणता?"

फिनबारने मान वर करून तिन्हींकडे बघितलं.

"वरचा असेल," तो म्हणाला.

"असेल? अरे, चाळीस वर्षं या बाकावर बसलास ना तिच्याशेजारी?"

"ती बोलायची, मी तिच्याकडे बघायचो. वर कोण बघतंय!"

डेर्व्हला हसली. हसता हसता तिने नाक पुसलं. "कुणाला तरी विचार की. शाळेतल्या बाईंना माहीत असेल. पुस्तकात असेल."

"नको."

"मग कळणार कसं?"

"जो मंदावेल तो तिचा."

"आणि कधी मंदावणार?"

"अजून अकरा वर्षं आहेत."

"ऑपरेशन नाही केलं तर डॉक्टर किती म्हणाला?"

"दोन."

डेर्व्हलाने उरलेला ब्रॅक फडक्यात गुंडाळून त्याच्या मांडीवर ठेवला आणि घरी गेली.

सकाळी फिनबारने खिडकीतला वाडगा बघितला. पानावर डाग होता. देठापासून निम्म्यापर्यंत काळा, शंका घ्यायला जागा नाही. तो बराच वेळ बघत उभा राहिला. मग बाही वर करून ते पान बाहेर काढलं, चुलीत टाकलं, चपला न घालताच परसात गेला आणि भिंतीवरचं एक कोवळं पान खुडून आणून वाडग्यात सोडलं.

तेवढ्यात डेर्व्हला आली. एवढ्या सकाळी ती कधी येत नसे. ती थेट खिडकीशी गेली. वाडग्यात बघितलं, फरशीवर उमटलेल्या त्याच्या ओल्या पावलांकडे बघितलं.

"हे रात्रीचं पान नव्हे."

"नव्हेच. बदललं मी."

"असं चालत नसतं, फिनबार."

"माझ्या घरात चालतं."

डेर्व्हलाने कोटाच्या खिशातून हात बाहेर काढला. तिच्या मुठीत एक ताजं हिरवं पान होतं. तिने ते खिडकीतून कोंबड्यांपुढे टाकलं आणि चहाचं आधण ठेवलं.

फिनबारने फोन उचलला. कॉर्कचा नंबर लागेना. त्याने तो पुन्हा लावला. पलीकडच्या बाईने सांगितलं, तुमची तारीख दुसऱ्याला दिली, आता रांगेत सगळ्यात शेवटी लागाल.

"लागतो," तो म्हणाला. "पण या वेळी नाव खोडू नका."

मार्चमध्ये त्याची झडप बदलली. छातीवरचे टाके सुकले. स्वच्छ संध्याकाळ असली की फिनबार घोंगडी घेऊन बाकावर बसतो आणि वर बघतो. तिन्ही तारे होते तसेच आहेत. त्यांतला तिचा कोणता, ते अजून कळायचं आहे.