माझी चार, तुमची तीन

सड्यावरच्या पहिल्याच कातळावर चार चाकांची क्वाड बाईक उसळली आणि तेजस्वी सीटवरून हातभर वर उडाली. दोरीमागे उभे असलेले लोक हसले. हा नुसता सरावाचा फेरा होता, शर्यत अजून सुरू व्हायची होती; पण हसायला लोकांना शर्यत लागत नाही.

तिचा बाप सत्यवान मात्र हसला नाही. पोरीची गाडी अशी का नाचते आहे, हे साऱ्या सड्यावर त्याला एकट्यालाच ठाऊक होतं.

सकाळपासून तो भेटेल त्याला थांबवून सांगत होता, की ही किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवायची गाडी नव्हे, स्पोर्ट क्वाड आहे. पुढचे लांब शॉकअप तेजूने कोल्हापुरातून आणले, स्वतःच्या हातांनी बसवले, आणि याच सड्यावर पडत-उठत त्यांच्या स्प्रिंगा जमवल्या. सांगताना त्याची छाती अशी फुगायची की शर्टाच्या बटणांची काळजी वाटावी. आता शेजारच्या वॉल्टरने त्याला कोपराने ढोसलं. देवबागच्या किनाऱ्यावर दोघांच्या भाड्याच्या गाड्या शेजारी शेजारी उभ्या असतात, त्यामुळे टोमणा मारायचा त्याचा हक्कच होता.

"सत्यवाना, ह्या काय रे? चेडू तुझा बेडकासारख्या उडता मरे!"

तेजस्वी दोरीपाशी येऊन थांबली. हेल्मेट काढलं तेव्हा तिचा ओठ फुटलेला दिसला. शर्यत भरवणाऱ्या, माईक धरून उभ्या असलेल्या सुशांतने तिचं नाव शर्यतीत घेतलं होतं ते मुळातच 'बघूया' म्हणत. सगळ्यांत मुलगी ती एकटीच. तो जवळ येऊन म्हणाला, "जमात काय गो? नायतर ऱ्हवांदे ह्या वर्साक."

"जमात," ती म्हणाली, आणि खाली वाकली. स्प्रिंगेच्या रिंगेवर तिने नेलपॉलिशने खूण करून ठेवली होती. ती जागेवर नव्हती.

"हेका कोणी हात लायलो?"

कुणा पोराचं नाव घ्यावं, असं सत्यवानच्या मनात येऊन गेलं. पण जिभेवर आलं ते खरंच.

"मी लायलंय. सकाळी, तू नंबर आणूक गेलंस तेव्हा. कातळार आपटात, गाडी खाली टेकात, म्हणान घट्ट केलंय. आपल्या गाड्यांका करतंव तसा."

"किती आटे फिरवलात?"

"फिरत होते तितके."

तेजस्वीने डोळे मिटले. किनाऱ्यावरच्या गाडीवर दोन-दोन धष्टपुष्ट पाहुणे बसतात, तिथे स्प्रिंग आवळावीच लागते. सत्यवानने आयुष्यभर ती आवळलीच होती. आज पोरीच्या काळजीने जरा जास्तच आवळली, एवढंच.

"बाबानू, हय मी एकटीच बसतंय," ती म्हणाली. "चाकान खड्ड्यात उतराक व्हया. माका वर फेकूक नको."

सत्यवान मान खाली घालून दोन पावलं मागे सरला. आता ही दुसऱ्या कुणाला हाक मारणार, आणि यापुढे आपल्याला या गाडीला बोट लावू देणार नाही, हे तो समजून चुकला होता. तेवढ्यात तिने पाना त्याच्या हातात ठेवला.

"मी बसतंय, तुमी सैल करा. मी बसलंय काय गाडी चार बोटां खाली जावक व्हयी. पण माझी चार, तुमची तीन."

सत्यवानने आपल्या बोटांकडे पाहिलं. जाळी आणि पाने ओढून ओढून ती जाडजूड झाली होती. तिने ती कधी मोजली होती, देव जाणे.

चारचौघांत गुडघे टेकून तो कामाला लागला. ती उठायची, तो रिंग सैल करायचा; ती बसायची, तो बोटं लावून बघायचा.

"पुरे?"

"आजून थोडा."

देवबागात कुणाचंही इंजीन अडलं की सत्यवानला बोलावणं येतं, आणि तिथे त्याला 'अजून थोडं' म्हणायची कुणाची छाती नाही. इथे पोरगी सांगत होती आणि तो मुकाट्याने करत होता. वॉल्टर हे सगळं बघत होता. लाजायचं सोडून सत्यवान जरा बाजूला सरकला, वॉल्टरला नीट दिसावं म्हणून.

निशाण पडलं. सपाटीवर तेजस्वी मागेच राहिली. मग खाचखळग्यांचा कातळ आला आणि पुढच्यांनी गाड्या आवरल्या. तिने आवरली नाही. चाकं खड्ड्यांत उतरत होती, धोंड्यांवर चढत होती, पण वरती तिचं डोकं जराही हलत नव्हतं. भरली घागर डोक्यावर घेऊन बाई चालावी तशी ती चालली होती. एक गाडी मागे पडली, मग दुसरी. हे आपल्या हातचं काम नाही, आपल्या पोरीच्या हातचं आहे, याचाच सत्यवानला जास्त अभिमान वाटत होता.

"अरे सत्यवाना," वॉल्टरची चेष्टा आता पार पळाली होती, "सावकाश म्हणान सांग रे तिका! पडात मरे!"

सावकाश! पर्यटकांच्या गाड्यांमागे वाळूतून धावताना हाच एक शब्द ओरडण्यात सत्यवानचं निम्मं आयुष्य गेलं होतं. तो शेजारच्या दगडी गडग्यावर चढला, तोंडाशी दोन्ही हात धरले, आणि साऱ्या सड्याला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडला,

"जोरात गो, तेजू! जोरात!"