सहावी सुनावणी

‘‘कोपर मारलं म्हणे मी. कुणाला ओ?’’ मयूरने आज पुन्हा विचारलं.

‘‘नाव दिलेलं नाही,’’ चार्ल्स म्हणाला. ‘‘तिसऱ्या क्वार्टरमध्ये, चेंडू लांब असताना, एवढंच लिहिलंय.’’

‘‘कॅमेऱ्यात दिसतंय?’’

‘‘कॅमेरा चेंडूच्या मागे असतो. तुझ्या मागे कोण धावणार?’’

मयूर हसला, पण उगाच. सीझनमधली ही त्याची सहावी सुनावणी होती.

आखातातली ही ऑस्ट्रेलियन फुटबॉलची लीग नवी, पण नियमांचं पुस्तक जाडजूड. दोह्यात अल दुहैल भागातल्या लीगच्या ऑफिसबाहेर एक पेटी होती. कोणीही तिच्यात बिननावाची तक्रार टाकावी. रविवारी पेटी उघडायची, बुधवारी आरोपीची तयारी, गुरुवारी संध्याकाळी चारला सुनावणी. हे सगळं सांभाळायचा चार्ल्स तुस्कानो, शिस्त विभागाचा सेक्रेटरी. मूळचा वसईचा, दोह्यात बावीस वर्षं काढलेला. नियम म्हणजे नियम, असा माणूस. ऑफिसात त्याच्यापुढे कोणी डबा उघडून बसत नसे.

मयूर इस्लामपूरचा, कबड्डीतून उचलून आणलेला. चपळ भारी, इंग्रजी मात्र बेताचं. पहिल्या वेळी खुद्द अंपायरनेच त्याचा रिपोर्ट केला होता. अंपायरला मयूरने अस्सल मराठीत काहीतरी ऐकवलं होतं. आरोपीला आपल्या भाषेत बोलायची मुभा असते, म्हणून चार्ल्स दुभाषा झाला आणि त्या शिवीचं भाषांतर त्याने ‘मी निराश झालो आहे’ असं केलं. मयूर ताकीद घेऊन सुटला. बाहेर आल्यावर दोघंही पोट धरून हसले होते. चार्ल्स कितीतरी दिवसांनी हसला होता.

मयूर म्हणाला होता, ‘‘काका, चला की, कुठंतरी चहा मारू.’’

‘‘नाही रे. शिस्त विभागाच्या माणसाने खेळाडूशी बाहेर संबंध ठेवायचा नाही. कलम नऊ.’’

मयूरने एकदा घरचे पेढे आणले. कलम नऊ. दिवाळीला फोन केला, तोही चार्ल्सने उचलला नाही. पण त्या दिवशी तो फोन वाजायचा थांबेपर्यंत हातात धरून बसला होता.

त्याची बायको ग्रेसी जाऊन दोन वर्षं झाली होती. मुलगी ॲश्लिन कॅनडात. तो मराठीत बोलायचा, ती ‘ओके डॅडी, टेक केअर’ म्हणायची. चर्चमधले वसईवाले सुरुवातीला घरी बोलवायचे. हा जाईना, मग त्यांनीही नाद सोडला. मदिनत खलीफातल्या फ्लॅटमध्ये तो एकटाच. एकटेपणा फार वाईट, हे त्याला कळत होतं. कुणाला सांगणार? तिचा फोन आणि सुनावणीचे बुधवार-गुरुवार सोडले तर त्याच्या तोंडून मराठीचा शब्द निघत नसे.

‘‘मला माहितेय कोण करतंय ते,’’ मयूर म्हणाला. ‘‘शेल्डन. त्याला माझी जागा पायजे टीममध्ये.’’

‘‘पुरावा नसताना कुणाचं नाव घेऊ नये.’’

‘‘काका, काँट्रॅक्ट ह्या महिन्यात रिन्यू व्हायचंय. ते गेलं की व्हिसा गेला. गावात आमच्या आबांनी बोर्ड लावलाय माझा, फोटोसकट. कुठल्या तोंडानं जाऊ परत?’’

‘‘काही होत नाही,’’ चार्ल्स म्हणाला. ‘‘पुरावा नाही तर शिक्षा नाही. कलम बावीस. पाचही वेळा सोडवलं ना तुला? आजही सोडवतो. सांग, आबांची तब्येत कशी आहे?’’

मयूर सांगत बसला. आबा, म्हैस, गावातली नवी तालीम. चार्ल्स मध्येमध्ये विचारत राहिला. तयारी कालच झाली होती, तरी चार वाजेपर्यंत ते बोलत होते.

सुनावणी वीस मिनिटांत आटोपली. समितीच्या प्रमुख तसनीम मॅडमनी चार्ल्सचं म्हणणं ऐकून घेतलं आणि ‘निर्दोष’ असा शेरा मारला. चार्ल्सने मयूरच्या पाठीवर हात ठेवला. एवढं नियमात बसत होतं.

‘‘एक मिनिट,’’ मॅडम म्हणाल्या. ‘‘क्लबचा मेल आलाय. ते काँट्रॅक्ट रिन्यू करणार नाहीत. उद्यापासून त्याला खेळवणारही नाहीत.’’

चार्ल्सने ते मराठीत सांगितलं नाही. पण मयूरला तेवढं इंग्रजी कळलं.

‘‘का?’’ चार्ल्सचा आवाज चढला. ‘‘तो निर्दोष सुटलाय. प्रत्येक वेळी.’’

‘‘पहिल्यांदा ताकीद होती. आणि सीझनमध्ये सहा सुनावण्या, चार्ल्स. क्लब म्हणतो, ही रोजची कटकट नको.’’

‘‘हे कुठल्या कलमात आहे?’’

‘‘कुठल्याच नाही. क्लबची मर्जी. आय ॲम सॉरी. खलास.’’

मॅडम गेल्या. चार्ल्स पुस्तकाची पानं उलटत राहिला. असं काही असू शकतं, हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं.

‘‘राहू द्या, काका,’’ मयूर म्हणाला. डोळे लाल झाले होते. ‘‘मेसईदला खोलीवर जायची बस चुकंल माझी. सामान आवरायचंय.’’ मग तो वाकला आणि चार्ल्सच्या पायाला हात लावला. ‘‘ह्या मुलखात माझ्या बाजूनं तुम्हीच तेवढं उभं राहिलासा. मी विसरणार न्हाई.’’

चार्ल्सने नुसती मान हलवली.

खिडकीतून बस वळणावर दिसेनाशी होईपर्यंत तो उभा होता. मग टेबलाशी येऊन बसला, आणि उद्याच्या, अजून न झालेल्या मॅचमध्ये मयूरने कुणाचा तरी गळा धरल्याची तक्रार बॅगेतून काढून त्याने बारीक बारीक फाडली.