सतरावी स्क्रिप्ट

"आजचाही परत आला," दिनेश म्हणाला. "एक हजार एकशे सव्वीस."

"रोज मोजून काय भेटते रे तुले?" रीना म्हणाली. "लॅपटॉप काय देव हाय, सकाळी उठून त्याची पूजा करून राह्यला?" आजचा दिवस थट्टेचा नव्हता.

तळ्याच्या पाळीवर मोहाच्या झाडाखाली तेवढं नेटवर्क यायचं. बहीणभाऊ तिथेच बसले होते.

दिनेश एरवी अहेरीत खोली घेऊन एका कंपनीचे सर्व्हर सांभाळायचा. रोज लागणाऱ्या छोट्या स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाकडून आपोआप काम करून घेणाऱ्या आज्ञा, त्याने एका फाइलमध्ये जमवल्या होत्या. अडकलेला पोर्ट मोकळा कसा करायचा, डेटाबेसची प्रत कशी घ्यायची, डिस्क भरली तर आधी काय पुसायचं. प्रत्येकीखाली दोन ओळींची टीप. सतरावी मात्र कंपनीची नव्हती.

तीन वर्षांपूर्वी थोरला भाऊ कोलू मिरची तोडायला तेलंगणात निघाला, तो दिनेशशी भांडून. "पुन्हा तोंड दाखवू नको," दिनेश बोलून गेला. बरोबरचे सगळे परतले, कोलू नाही. तो वाटेतल्याच एका बाजारात उतरून गेला होता.

तेव्हापासून ही स्क्रिप्ट रोज सकाळी सात वाजता कोलूच्या फोनवर संदेश पाठवी: 'दादा, माझं चुकलं. घरी ये.' फोन बंद असला की दहा मिनिटांत संदेश परत येई आणि लॉगमध्ये, म्हणजे नोंदींच्या फाइलमध्ये, एक ओळ वाढे. टीप दिनेशच्या नेहमीच्या शिस्तीतली होती: 'न पोचलेलेच लिहायचे. पोचलेल्याने लॉग भरायचा नाही.' म्हणून तो रोज ओळी मोजी. नंबर दुसऱ्या कोणाला जाऊ नये म्हणून रिचार्जही तोच करी.

तीन वर्षं पत्ता नाही म्हणून गावाने कोलूला मेलेला धरलं आणि आज भल्या सकाळी, मेलेल्यांसाठी रोवतात तसा, त्याचा दगड उभा केला. देह नव्हता, म्हणून खाली त्याची कुऱ्हाड पुरली. आता घरच्यांनी नाव घेऊन त्याला 'जा' म्हणायचं होतं. आई, सुकरी, दगडासमोर उभी राहिली, पण तिच्या तोंडून शब्द फुटला नाही.

आता ती पाळीवर आली.

"दिनेश, मले नाई बोलता येत. तू त्याच्या फोनवर धाड."

"आई, फोन बंद हाय त्याचा."

"मेलेल्याचा फोन बंदच राहीन ना, बाबा. धाड."

"काय लिहू?"

सुकरीने पदर तोंडाशी धरला आणि सांगितलं. दिनेशने त्याच स्क्रिप्टमध्ये शब्दही न बदलता लिहिलं: 'कोलू, तुझा दगड रोवला. हे घर आता तुझं नाई. मागं पाहू नको. जा.'

एक हजार एकशे सत्ताविसावी ओळ आली की स्क्रिप्ट पुसून टाकायची, त्याने ठरवलं. मग बटण दाबलं.

रीना आईला धरून घरी घेऊन गेली. दहा मिनिटं झाली. वीस झाली. दिनेशने पाठवायची रांग बघितली. तिच्यात काही उरलं नव्हतं. नेटवर्कही पुरेसं होतं.

त्याने ओळी मोजल्या. पुन्हा मोजल्या.

एक हजार एकशे सव्वीस.